पाढ्याच्या चालीवरची फ्रेंच क्रियापदं

आमच्या घरात फ्रेंच भाषेला जागा मिळाली ती तिसाच्या पाढ्यानंतर आणि पावकीच्या आधी. यात घरातल्या कुणालाच काही वावगं वाटलं नाही. अप्पा मराठी शाळेचे हेडमास्तर. बोरगावच्या शाळेतून बदली होऊन ते बेळगावात आले तेव्हा सामानात भांडीकुंडी कमी आणि पाठ केलेलं जास्त होतं. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या गोष्टी दोन प्रकारांत बसत. काही पाठ झालेल्या, उरलेल्या पाठ व्हायच्या. दिवेलागण झाली की ते भिंतीला पाठ टेकून बसत, मी आणि अण्णा समोर, आणि परवचा सुरू होई. आई चुलीपाशी असायची, पण तिचाही आवाज आतून यायचा. भाकरी थापता थापता तिचे पाढे अण्णापेक्षा पक्के झाले होते.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. आमच्या भागातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी चौथीपुढं वर्ग नव्हता. मुलग्यांच्या हायस्कुलात मुलींना घेत, पण पहिल्या बाकावर, मास्तरांच्या टेबलाला चिकटून, जणू मास्तरांनी घरून आणलेल्या छत्र्याच. आई म्हणाली, "तसलं न्हाय पायजे." राहिली कॅम्पातली नन लोकांची शाळा. अप्पांनी मला तिथं घातलं आणि मग कळलं की तिथं संस्कृत शिकवायला कुणी नाही. दुसरी भाषा घ्यायची तर फ्रेंच.

"घे की मग," अप्पा म्हणाले. "क्रियापदं असतीलच त्यात. क्रियापदं असली की चालवायची."

बाकीच्या मुली तीन वर्षं फ्रेंच शिकत होत्या, मी तेव्हा सुरुवात करणार. शाळेच्या मुख्य बाई, ज्यांना सगळे मदर म्हणत, त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुंबईहून परीक्षक येतील. ते प्रत्येक मुलीचं वाचन ऐकतील, क्रियापदं विचारतील. त्यात उतरलीस तर मॅट्रिकचा वर्ग. नाही उतरलीस तर शिवणवर्ग. शिवणवर्गाच्या शेवटी कुठलीच परीक्षा नव्हती, होती ती टेबलावर घालायची फुलाफुलांची चादर. आमच्या घरी टेबलच नव्हतं. मला शिवण येत नव्हतं आणि यावं असंही वाटत नव्हतं. मला मॅट्रिक व्हायचं होतं. का, ते त्या वयात नीट सांगता आलं नसतं, पण अण्णा होणार आहे आणि माझे पाढे त्याच्यापेक्षा बरे आहेत, एवढं कारण मला पुरेसं होतं.

फ्रेंच शिकवायला एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्या मूळच्या फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यातल्या, त्यामुळे फ्रेंच बोलण्यासाठी त्यांना काही कष्ट पडले नव्हते आणि आम्हाला का पडतात हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या फळ्यावर क्रियापद लिहीत, मग छडीनं त्याचे तुकडे पाडत. छडी टेकली की एक तुकडा म्हणायचा. फि, नि, सों. बोलणे आणि आवडणे एका घराण्यातली, संपवणे दुसऱ्या, बाकीची बरीचशी त्यांच्याच वळणावर जाणारी, असं त्यांनी सांगितलं. एकेका क्रियापदाची सहा रूपं. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. हे ऐकल्याबरोबर मला घरी जाऊन अप्पांना सांगायची घाई झाली.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग मांडी बदलून म्हणाले, "सहाचाच पाढा हाय की. म्हण."

आणि त्यांनी 'बोलणे'ची चाल धरली. झ पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, इथपर्यंत बे एके बेची चाल. नू पार्लों, वू पार्ले, इथं आवाज चढवायचा, आणि शेवटचं इल पार्ल खाली आणून ठेवायचं. आमच्या 'झ'नं त्यांचा तो मऊ 'झ' तंतोतंत निघत नसे, पण अप्पांनी पाढ्यात उच्चारापेक्षा ठेक्याला नेहमीच मान दिला होता. 'त्यु'मधला 'उ' मात्र अडला. सिस्टरनी सांगितलं होतं की ओठ 'उ'चे करायचे आणि आतून 'ई' म्हणायची. अण्णानं तोंडाची जी काय दशा केली ती बघून आई आतून हसली. ती तेव्हा फुंकणीनं चूल पेटवत होती. मी तिच्या ओठांकडं बघितलं आणि फुंकणीला लावतात तसेच ओठ करून 'ई' म्हटलं. बरोबर आला. दुसऱ्या दिवशी वर्गात सिस्टरनी माझ्याकडून तो 'त्यु' तीनदा म्हणवून घेतला आणि कॅम्पातल्या एका सार्जंटच्या मुलीला माझ्या तोंडाकडं बघायला सांगितलं. हे यश चुलीचं आहे हे मी तिथं सांगितलं नाही.

अण्णा हायस्कुलात संस्कृत घेऊन बसलेला. त्याला फ्रेंचचा फार राग.

"लिहायची अक्षरं दहा आणि म्हणायची चार," तो म्हणाला. "मग बाकीची लिहितात कशाला? शाई जास्त झालीय काय?"

"तू 'घर' लिहितोस," अप्पा म्हणाले, "त्यातला शेवटचा 'अ' म्हणतोस काय रं?"

अण्णानं मनात म्हणून बघितलं.

"आणि ते 'आवडणे'चं नू-झे-मों?" तो पुन्हा सुरू झाला. "'नू' वेगळं, 'एमों' वेगळं. मधेच हा झाडातला 'झ' कुठनं आला?"

मी म्हटलं, "पहिल्या शब्दाच्या शेवटी मुका बसलेला असतो. पुढं स्वर आला की उठतो."

"म्हणजे संधी," अण्णा म्हणाला, आणि आपल्या तोंडून फ्रेंचची बाजू घेतली गेली हे लक्षात येऊन त्याला आणखी राग आला.

महिनाभरात आमच्या गल्लीत फ्रेंच क्रियापदं ऐकू जाऊ लागली. शेजारच्या काकू एकदा पिठाची वाटी मागायला आल्या आणि उंबऱ्यातच हात जोडून उभ्या राहिल्या. आमचं फिनिर, म्हणजे संपवणे, चाललं होतं. सहावं रूप संपल्यावर त्यांनी विचारलं, "रोज सांजच्याला म्हणतासा ते कुठलं स्तोत्र हो मास्तर? लई गोड वाटतंय कानाला."

"परदेशातलं हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं नाही.

मला वाटलं, झालं. माझी शंभरावर क्रियापदं तोंडपाठ होती. दिवाळीला थोडेच दिवस उरले होते. आणि तेव्हा एका सकाळी सिस्टरनी वर्गात मला उभं केलं आणि विचारलं, "फिनिर. तुम्ही?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या आतून कुणीतरी झ फिनी म्हणायला लागलं. झ फिनी, त्यु फिनी, इल फिनी, नू फिनिसों, आणि मग मी मोठ्यानं म्हटलं, वू फिनिसे.

"संपवणे. आम्ही?"

पुन्हा पहिल्यापासून. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सार्जंटच्या मुलीच्या ते ध्यानात आलं. ती तोंडावर हात धरून हसायला लागली, मग बाकीच्या. त्यांचं चुकत नव्हतं. मराठी शाळेतल्या मुलाला सात आठे किती विचारलं की तो सात एके सातवरून धावत सुटतो, तशी मी धावत होते, फक्त फ्रेंचमध्ये. सिस्टरनी एक उतारा वाचायला दिला. त्यात 'त्यांना आवडतं' अशा अर्थाचं रूप आलं. मी त्याच्यापाशी थांबले, कारण झेमपासून इलझेमपर्यंत यायला वेळ लागतो. वाक्य मधेच लोंबकळत राहिलं.

"तुझ्या वडिलांना उद्या घेऊन ये," सिस्टर म्हणाल्या.

अप्पा पगडी घालून आले, हातात छत्री, आकाशात ढग नसताना. त्यांना इंग्रजी वाचता यायचं पण बोलायची सवय नव्हती, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडं. आपल्याच तक्रारीचं भाषांतर करण्याचा अनुभव मी कुणाला सुचवणार नाही.

"हिला गायला तुम्ही शिकवलंत का, असं विचारतात," मी म्हटलं.

"व्हय म्हणावं. आमच्यात असंच शिकवतात."

मी ते सांगितलं. सिस्टर बराच वेळ इंग्रजीत बोलल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, उच्चार चांगला आहे. पण ही प्रत्येक वेळी जिन्याच्या पहिल्या पायरीपासून वर येते. तोवर परीक्षक वर दारात वाट बघत उभे राहणार नाहीत. असंच राहिलं तर शिवणवर्गात पाठवावं लागेल."

अप्पांचा चेहरा बघवेना. त्यांच्या हाताखालून गावोगावची पोरं शिकून गेली होती आणि त्यांच्या पद्धतीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. ठेवलं असलं तरी पोरीकडून भाषांतर करवून तोंडावर ठेवलं नव्हतं. त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"त्यांना म्हणावं," ते सावकाश म्हणाले, "जिना मी बांधलाय. काढायचं बी मी बघतो."

मी म्हटलं, "माय फादर विल ट्राय." मूळ वाक्याचा रुबाब भाषांतरात गेला, पण सिस्टरना अर्थ कळला असावा, कारण त्यांनी अप्पांना वाकून नमस्कार केला.

त्या संध्याकाळी परवच्याला अप्पांनी चाल धरली नाही. आईकडून चिंचोके मागून घेतले आणि त्यातले सहा जमिनीवर एका ओळीत मांडले. त्यांच्या शाळेत पोरांचे पाढे पाठ झाले की ते उलटे म्हणून घेत, मग आडवे, मग मधूनच. हे शेवटचं काम कंटाळवाणं असतं, म्हणून बरेच मास्तर ते करत नाहीत, आणि माझ्या बाबतीत माझ्या आवाजावर खूश होऊन अप्पाही ते विसरले होते.

"हा मी, हा तू, हा तो," त्यांनी एकेका चिंचोक्याला बोट लावलं. "मी बोट लावीन त्याचंच नाव घ्यायचं. दुसऱ्याचं घेतलंस तर पहिल्यापासनं."

"सगळं?"

"सगळं. चाल लावायची न्हाय. मान हलवायची न्हाय. ओठ मिटून बस."

त्यांनी पाचव्याला बोट लावलं. मी ओठ मिटून धरले. आतली चाल सुटू पाहत होती, ती दाताखाली धरावी तशी धरली. "वू फि-नि-से." पहिला. "झ फिनी." चौथा. पुन्हा चौथा. सहावा. अप्पांचं बोट कुठं पडेल हे त्यांनाही माहीत नसे, ते मुद्दाम माझ्याकडं बघत आणि बोट टाकत. अण्णाला यात मजा वाटू लागली. तो शाळेतून आल्यावर, जेवताना, आंघोळीच्या बंबापाशी, कुठंही अचानक ओरडायचा, "ए म्याडम! पार्ले! तिसरा!" मी पाण्याचा तांब्या डोक्यावर धरून उत्तर द्यायची. चुकलं तर तो आनंदानं नाचायचा. त्याच्या त्या आनंदानं माझा फार फायदा केला. भावाला नाचू द्यायचं नाही, यासारखी अभ्यासाची दुसरी प्रेरणा मला पुढं कॉलेजातही सापडली नाही.

तुकडे पाडायचं कामही अप्पांनी आपल्या पद्धतीनं केलं. सिस्टर फळ्यावर इंग्रजी अक्षरांत लिहीत, त्यात 'फिनिसों'मधल्या दोन 'एस'पैकी एक अलीकडं आणि एक पलीकडं पडायचा, म्हणताना मात्र तसं म्हणायचं नाही. कॅम्पातल्या मुली बघून म्हणायच्या, आणि इंग्रजी वळणानं फिन्-इस्-ऑन असं काहीतरी व्हायचं. मला अप्पांनी पाटीवर मराठीत लिहायला लावलं. फि-नि-सों. पार्-लों. नू-झे-मों. आपल्या अक्षरात व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन बसतं, फ्रेंच लोकांचं बोलणंही बहुतेक तसंच चालतं. दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना हे कळवायला कुणी फुरसत काढली नव्हती, एवढंच.

परीक्षक आले त्या दिवशी शाळेच्या फाटकाला कमान होती. कॅन्टोन्मेंटचा बँड आला होता आणि त्यानं तीच धून वाजवली जी तो साहेब लोकांच्या निरोपाला आणि कुत्र्यांच्या प्रदर्शनाला वाजवत असे. परीक्षक घोडागाडीतून उतरले. लांब कोट, साखळीचं घड्याळ, हातमोजे. बेळगावात त्या दिवसांत थंडी असते, पण हातमोजे घालण्याइतकी नाही. हॉलमध्ये व्यासपीठावर पाच खुर्च्या मांडल्या होत्या आणि सगळ्यात जाड गादीच्या खुर्चीवर त्यांना बसवलं. त्यांनी छोटंसं भाषण केलं. त्यात ते जवळजवळ प्रत्येक वाक्यात पॅरिसला जाऊन आले. मी मनात ठरवलं की हा माणूस नगारा आहे, मोठा आणि पोकळ. याला आपण सहज गुंडाळू.

पहिल्या मुलीनं वाचायला सुरुवात केली आणि माझा अंदाज चुकला हे मला लगेच कळलं. त्यांनी डोळे मिटले होते. ती जिथं जिथं चुकत होती, बरोबर तिथं त्यांची भुवई हलत होती, माझ्या कानाला कळलेल्या चुकांना आणि त्याशिवाय न कळलेल्यांनाही. त्यांना फ्रेंच खरोखर येत होतं. हातमोजे आणि विद्या एकाच माणसाकडं असू शकतात, ही गोष्ट मी तिथं शिकले, आणि त्या क्षणी ती शिकायला मला मुळीच आवडलं नाही. सार्जंटच्या मुलीला त्यांनी क्रियापदं विचारली. ओळीनं नाही, मधूनच.

माझा नंबर आला. उतारा एका बाजाराच्या दिवसाचा होता, माणसं कोबी विकत होती. मी वाचला. कुठं थांबले नाही. परीक्षकांनी डोळे उघडले, पुस्तक मिटलं आणि पेन्सिल हातात घेतली.

"फिनिर. तुम्ही."

"वू फि-नि-से."

"आवडणे. आम्ही."

"नू-झे-मों."

"ते."

"इल-झेम."

ते जरा पुढं झुकले. "पाठ केलं आहेस?"

"हो सर."

"मग हे सांग," ते म्हणाले, आणि त्यांनी मी कधीही न ऐकलेलं क्रियापद उच्चारलं. श्वाझीर. "म्हणजे निवडणे. आम्ही?"

हॉलमध्ये मदर बसल्या होत्या, सिस्टर दाराशी उभ्या होत्या. हे परवच्यात नव्हतं. मला पळायला पाढाच नव्हता, मागं नाही, पुढंही नाही. मी चौथ्या चिंचोक्यावर अप्पांचं बोट बघितलं. शेवट 'ईर' आहे, म्हणजे हे संपवण्याच्या घराण्यातलं. 'फि'च्या जागी 'श्वा' बसव, 'नि'च्या जागी 'झि'.

"नू श्वा-झि-सों."

पेन्सिल थांबली. "पुन्हा. सावकाश, एकेक तुकडा."

मी बोटानं हवेत ठोका देत म्हटलं. श्वा. झि. सों.

"असे तुकडे करायला कुणी शिकवलं? इथल्या मुली असं करत नाहीत."

"उच्चार सिस्टरनी शिकवला. तुकडे आम्ही मराठीत लिहून करतो."

"लिहून दाखव."

मी फळ्यावर नागरीत लिहिलं. परीक्षक खुर्चीतून उठले, जाड गादी त्यांच्या मागं सावकाश फुगली. मुंबईचे असल्यानं त्यांना नागरी वाचता येत होतं. त्यांनी ते तीन तुकडे मोठ्यानं वाचले आणि आलेल्या क्षणापासून पहिल्यांदाच हसले, भाषणातलं हसू नव्हे, घरातलं. मग मदरकडं वळून म्हणाले, "ही मॅट्रिकच्या वर्गात. आणि तो फळा आज पुसू नका."

सिस्टरनी दाराशी उभ्या उभ्या दोन्ही हात वर केले, जसे आमच्याकडं आखाड्यात पैलवान जिंकल्यावर करतात. मदरनी त्यांच्याकडं बघितल्यावर त्यांनी ते खाली घेतले.

अप्पा फाटकाबाहेर उभे होते. शाळेतून रजा काढून आले होते, आणि बँडचा आवाज ऐकून आत यायला संकोचले होते. मी धावत गेले आणि सांगितलं. त्यांनी पगडी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग त्यांनी टांगा थांबवला. टांगा म्हणजे आजारी माणसासाठी असतो असं त्यांचं आजवरचं मत होतं.

"चालत जाऊ या की अप्पा."

"बस म्हणतोय न्हवं? बस." आणि टांगेवाल्याला म्हणाले, "बाजारातनं घे. सावकाश."

मला मिरवणुकांचा तेव्हाही तिटकारा होता आणि आजही आहे. कुठल्याही मोठ्या माणसाला फुलं लावलेल्या गाडीतून जाताना बघितलं की मला त्याच्या घोड्याची कीव येते. पण त्या दुपारी कॅम्पातून बाजारात शिरताना मी पाठ ताठ केली, पदर सारखा केला आणि दोन्ही बाजूंना नीट बघितलं. अप्पा ओळखीचा माणूस दिसला की टांगा थांबवत.

"काय मास्तर, कुणाला बरं न्हाय काय?"

"सगळी बरी हाईत. पोरगी मॅट्रिकच्या वर्गात गेली."

"अरे वा! कशात हुशार म्हणायची? गणितात?"

"फ्रेंचमधे!" अप्पा म्हणत, आणि समोरच्या माणसाचा चेहरा नीट बघून होईपर्यंत टांगा हलू देत नसत. एका कन्नड बोलणाऱ्या भुसारी दुकानदाराला त्यांनी ही बातमी कन्नडमध्ये सांगितली. त्यानं विचारलं, ती भाषा कुठं बोलतात? अप्पांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आमच्या घरात."

बाजार संपला, आमची गल्ली आली. टांगेवाला मघापासून मागं वळून वळून बघत होता. तो म्हणाला, "मास्तर, उतरायचं, का आणखी एक फेरी मारू?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर पुन्हा सारखा केला.

"मार," ते म्हणाले.